झिंगू मास्तरची सही

लाकडावरची खोटी छाप मी झोपेतही ओळखतो. वनखात्याच्या लाकूड डेपोत माझी सगळी नोकरी गेली. सागवानाच्या ओंडक्यावर खात्याचा हातोडा पडलाय की कुणा चोरट्याच्या घरचा, हे मी नुसतं बोटानं चाचपून सांगत असे. एकदा तर ओंडक्यावरचं वाघाचं ओरबाडणं पाहून मी म्हणालो, हा वाघ आपला नव्हे, पलीकडच्या रेंजचा आहे. चौकशीअंती तसंच निघालं. चौकशी कोणी केली ते विचारू नका. मुद्दा एवढाच, की अशा माणसाच्या घरी येऊन, त्याच्या भिंतीवरची सही खोटी आहे असं एखाद्यानं त्याचाच चहा पिता पिता सांगावं, यापरता दुसरा अपमान नाही.

साल शहाऐंशी. नागभीडजवळच्या आमच्या गावात धान कापून झाले होते. धान घरात आले की आमची झाडीपट्टी जागी होते. दिवसा शंकरपटात बैल धावतात, रात्री नाटकात राजे मरतात. गावच्या नाट्य मंडळानं त्या वर्षी नवी खोली बांधली होती, आणि तिच्या भिंतीवर झिंगू मास्तरचा फोटो लावायचं ठरलं होतं. बायकांची कामं पुरुष करीत त्या काळातले हे झिंगू मास्तर. ‘राणी पद्मकळा’ म्हणून ते रडू लागले की पहिल्या रांगेतल्या लोकांना धोतरं पिळावी लागत, असं जुने लोक सांगत. मी तर असं ऐकलंय की त्यांचं गाणं ऐकून पटातले बैल धावायचे थांबत. पण हे मी स्वतः पाहिलेलं नाही, म्हणून सोडून देतो.

तर या मास्तरांचा सही केलेला फोटो आमच्याकडे होता. काळापांढरा, कडा पिवळ्या पडलेल्या. नऊवारीतली राणी पदराचं टोक दोन बोटांत धरून गालावरून तिरकं बघते आहे, आणि खाली कोपऱ्यात शाईनं दोन अक्षरं: झिंगू. त्यातलं पहिलं अक्षर झाडावर चढलेलं आणि दुसरं झाडावरून पडलेलं.

फोटो माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे कैलासवासी गुणवंतराव गुरुजींचा. ते आधी माझे मास्तर होते आणि नंतर सासरे झाले. त्यामुळे लग्नात हार घालायच्या वेळी ते समोर येताच मी सवयीनं छडीसाठी हात पुढं केला होता, तळवा वर करून. गुरुजींना हसताना गावानं पाहिलं नव्हतं. मिशी अशी की तिच्यावर पोपट बसावा. ती मिशी म्हणे जन्मात एकदाच गेली, माझी बायको सत्यशीला पाळण्यात असताना. ‘नाटकापायी गेली,’ एवढंच ते सांगत. नाटकात ते विंगेत उभं राहून नटांना वाक्यं पुरवीत; तिथं गॅसबत्तीचा भडका उडाला असणार, असं घरचे धरून चालले होते. फोटोबद्दलही त्यांचं एकच वाक्य: ‘हा फोटो झिंगू मास्तरनं मले सही करून देला.’ पुढं कोणी काही विचारलं तर चष्म्यावरून असे बघत की विचारणारा मुकाट्यानं एकोणतीसचा पाढा म्हणू लागे.

आणि आता अपमान करणारा. गावच्या बँकेत आगाशे नावाचे मॅनेजर पुण्याहून बदलून आले होते. मंडळानं त्यांना अध्यक्ष केलं होतं, कारण गावात कोट तेवढा त्यांच्याकडे होता. दिवसभर चेकवरच्या सह्या तपासायच्या, त्यामुळे खिशात कायम भिंग. फोटो न्यायला आले, चहा घेतला, भिंग काढलं आणि बराच वेळ हुं हुं केलं.

“बापूराव, रागावू नका, पण ही सही काही खरी वाटत नाही.”

“काऊन?”

“अहो, एवढा मोठा नट! त्याची सही कशी डौलदार हवी. ही म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून चालत गेलीय. उद्या कुणी बोट दाखवलं तर मंडळाची शोभा. रविवारी कार्यक्रम आहे, तोवर खात्री करून द्या. नाहीतर दुसरा फोटो बघू.”

आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज एकदम थांबला. ज्यांचं लग्न जुनं झालंय त्यांना या शांततेचा अर्थ मी सांगायला नको. आगाशे गेले आणि सत्यशीला उंबऱ्यात आली.

“कोण म्हणे खोटी?”

“मी नाही. साहेब म्हणाले.”

“अन् तुमी काय म्हणाले?”

“मी काय म्हणणार? बिस्किट घ्या म्हणालो.”

“माह्या बाबाले माह्याच घरात खोटारडा म्हणते, अन् तुमी त्याले बिस्किट चारता!”

तिचं दुखणं खरं होतं. पत्रिका छापून झाल्या होत्या, त्यावर ‘कै. गुणवंतराव गुरुजी यांच्या संग्रहातून’ अशी ओळ होती, आणि त्या ओळीसाठी तिनं अख्खं माहेर बोलावलं होतं. ज्या माणसानं जन्मात एक शब्द खोटा उच्चारला नाही, त्याचं नाव आता भर मांडवात खोडलं जाणार होतं. तिनं जाहीर केलं, “सही खरी हाय म्हणून त्या कोटवाल्याच्या तोंडून वदवा. तवरक वांगी बंद, तुमाले नुसतं लाखोळीचं वरण.”

परसात वांगी अशी लगडली होती की झाडं गुडघे टेकून होती. आमच्या घरच्या वांग्याच्या भाजीबद्दल मी अतिशयोक्ती करणार नाही; एवढंच सांगतो की एकदा तिच्या वासानं आगगाडी स्टेशनात जास्त वेळ थांबली होती. ती वांगी खिडकीतून बघत मी लाखोळीच्या वरणात भात कालवू लागलो.

अडचणीत सापडलेल्या माणसाकडे सल्ला चालत येतो. पहिला आला देवाजी, माझा मित्र, पोस्टातून रिटायर झालेला. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारून त्याला सगळ्यातलं सगळं कळत असे.

“सहीवर लिंबू पिळा, बापूराव. खरी सही जागची हालत नाई.”

मी हुशार माणूस. आधी माझ्याच सहीवर पिळून पाहिलं. ती नाहीशी झाली. म्हणजे फोटोचं माहीत नाही, पण मी मात्र खोटा ठरलो.

मग शेजारच्या बायनाबाईनं कुंपणावरून सांगितलं, “चंद्रपूरच्या कोर्टात सह्या पाहणारे साहेब असते म्हणे, भाऊ. माह्या भाच्याच्या जमिनीची सही थ्यांनंच पाह्यली.”

“जमीन मिळाली का?”

“नाई. पण सही लय बारीक पाह्यली.”

तर असे साहेब. परंतु कागद त्यांच्याकडे पोलिसांमार्फत जावा लागतो असं कळलं, म्हणून मी फोटो घेऊन ठाण्यात गेलो. इतवारी हवालदार माझ्या ओळखीचा. त्यानं कागद ओढला.

“फिर्यादी कोण?”

“मी.”

“आरोपी?”

“आरोपी कोणी नाही, इतवारी. सही खरी आहे एवढंच पाहायचंय.”

“खरी हाय त इथी काऊन आले?”

“खोटी आहे असं म्हणतात म्हणून.”

“मंग खोटी केली कोणं? भाऊ, आरोपीबगर कागद हालत नाई. फोटो तुमाले कोणं देला?”

“सासऱ्यांनी.”

“झालं ना मंग. आरोपी, गुणवंतराव. सध्या कुठी राह्यते?”

“अरे, ते वारले!”

इतवारीनं लेखणी वर धरली, विचार केला आणि अत्यंत सहानुभूतीनं विचारलं, “फरार लिवू का?”

मी फोटो उचलून पळालो. पण बायनाबाईचा भाचा ठाण्याबाहेरच्या टपरीवर बसलेला होता. मी घरी पोचेपर्यंत आळीला कळलं होतं की बापूराव मेलेल्या सासऱ्यावर केस टाकून आले. त्या दिवशीच्या वरणात डाळ शोधायला आगाशेंचं भिंग लागलं असतं.

“ताडून पाहा,” देवाजी म्हणाला. “मास्तरच्या सह्या मूल, सावली या गावांकडे घरोघरी हायेत. आपली नेऊन बाजूले ठेवायची. बस.” एवढं बोलून त्यानं उसासा टाकला. “मास्तर गेले तवा श्रद्धांजलीच्या सभेत मीच बोललो होतो. लोकं ढसढसा रडले.”

दुसऱ्या दिवशी आम्ही एस. टी. धरली. या गाडीचा वेग सांगितला तर खोटं वाटेल. घाटातल्या जंगलात एक कासव आमच्या पुढं गेलं आणि त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही. देवाजी बसल्या बसल्या झोपला. फोटो फ्रेमसकट मी मांडीवर उभा धरला होता, काच फुटू नये म्हणून. समोरच्या बाकावरची एक म्हातारी बराच वेळ फोटोकडे बघत होती, मग माझ्याकडे बघे, मग पुन्हा फोटोकडे.

“तुमी गुणवंत गुरुजीचे जवाई ना, भाऊ?”

“हो.”

म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. “लय चांगली होती बाप्पा.”

मला वाटलं, जुनी रसिक दिसते. म्हणालो, “अशी पुन्हा होणे नाही.”

“लेकरं हायेत ना?”

“एक मुलगा, एक मुलगी.” माणसं प्रवासात चौकशी करतातच.

“अन् आता करून कोण घालते तुमाले?”

ही जखम ताजी होती. मी डोळे पुसले. “काय सांगू बाई, रोज लाखोळीचं वरण खाऊन राह्यलो.”

म्हातारी हुंदके देऊ लागली. उतरताना तिनं माझ्या हातात ओंजळभर बोरं ठेवली आणि तोंडावरून हात फिरवला. मी सद्गदित झालो. कलेची एवढी कदर असलेली बाई मी पहिल्यांदाच पाहत होतो.

पुढं मात्र निराशा. मूलमध्ये एका घरी मास्तरांचा फोटो निघाला, सावलीला दोन घरी. तिन्हींवरची सही अगदी एकाच हातची, वळणदार, वेलबुट्टीची. शेवटच्या अक्षराची शेपटी मोरपिसासारखी वळवलेली. त्यांच्या शेजारी आमची सही ठेवली, तर वरातीत कुणी गोठ्यातल्या कपड्यांनी आल्यासारखी दिसली. देवाजीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी सत्यशीलेचा चेहरा डोळ्यांसमोर आणला आणि लगेच बाजूला केला.

सावलीच्या दुसऱ्या घरची मालकीण, रुखमाबाई, मुगवड्या वाळत घालीत होती. तिनं विचारलं, “एवढं काऊन धुंडून राह्यले? मास्तरलेच इचारा ना.”

“कोणत्या मास्तरले?”

“झिंगू मास्तरले. पुढं वैनगंगेच्या काठच्या गावात राह्यते. परवा त बाजारात माह्याशी मिरच्याच्या भावावरून भांडले.”

मी देवाजीकडे पाहिलं. देवाजी पांढरा पडला होता.

“श्रद्धांजली,” तो एवढंच बोलला.

पुढं जायला गाडी नव्हती, परतीची शेवटची उभी होती. ती धरली. गावात शिरलो तर माझ्या घरापुढं गर्दी, बैलबंड्या, आणि बायकांचा आक्रोश. खोटं सांगत नाही, त्या क्षणी मला वांगी आठवली नाहीत, आगाशे आठवले नाहीत. फक्त सकाळी ‘येतो’ म्हणायचं राहिलं होतं ते आठवलं. गर्दी सारून आत गेलो, तर अंगणाच्या मध्यभागी सत्यशीला हातात खराटा घेऊन उभी, आणि भोवती तिचं सगळं माहेर तिला पाहून नव्यानं रडत होतं.

“आले?” ती म्हणाली. “माही मयत आटपून आले का?”

एस. टी.तली म्हातारी तिच्या माहेरचीच निघाली. मांडीवर बाईचा फोटो, डोळ्यांत पाणी, आणि रोज लाखोळीचं वरण; यावरून तिनं जो निष्कर्ष काढला त्यात मला आजही खोट काढता येत नाही. ती तिथं हातात हात घट्ट धरून बसली होती, आणि एकच सांगत होती, “अवं, मी सोता पाह्यलं ना! तोंडवळा तोच!”

पाहुण्यांचं जेवणखाण आटोपलं, तसं सत्यशीलेनं खराटा भिंतीला टेकवला. “बाबावर केस केली, मले मारून आले. आता तुमच्याच्यानं होत नाई. उद्या मास्तरकडे मीच येतो.”

देवाजीला बोलावलं. तो म्हणाला, “ज्याच्यावर मी एवढं भाषण ठोकलं, त्याच्यासमोर कोणत्या तोंडानं उभा राहू?” म्हणून आम्ही दोघंच निघालो. शनिवार होता. या वेळी फ्रेम पिशवीत घातली होती.

झिंगू मास्तर अंगणात बाजेवर बसून दोरी वळत होते. वाळलेल्या खारकेसारखा लहानसा म्हातारा. पण “या बाई, बसा” म्हणाले आणि आवाज असा आला की पिंपळावरची मैना गप्प झाली. सत्यशीलेनं फोटो त्यांच्या हातात दिला. येताना सगळ्या वाटेत ती एकदाच बोलली होती: “मास्तर नाई म्हणाले त?”

मास्तरांनी फोटो लांब धरला, जवळ धरला, उन्हात तिरपा केला.

“सही माहीच हाय,” ते म्हणाले.

मी उडीच मारणार होतो.

“पण फोटो माहा नाई.”

“म्हणजे?”

“मतलब, ही बाई मी नाई.”

सत्यशीला पुढं सरकली. “मंग कोण व्हय?”

मास्तरांनी तिच्या हनुवटीकडे पाहिलं, कानाच्या पाळीकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. “तू कोणाची पोरगी, बाई?”

“गुणवंतराव गुरुजीची.”

मास्तर हसायला लागले. हसता हसता खोकले, खोकता खोकता बाजेवर आडवे झाले. मग डोळे पुसून म्हणाले, “मंग मले काऊन इचारतं? घरी जाऊन आरशात पाह्यजो.”

असं झालं होतं. सत्यशीला पाळण्यात होती त्या वर्षी सावलीला पटाचं नाटक होतं, मंडप भरलेला, आणि मास्तर हिवतापानं कुडकुडत पडलेले. नाटक मोडलं असतं तर लोकांनी मंडप जाळला असता. सगळं नाटक तोंडपाठ असलेला माणूस एकच, विंगेत उभा राहणारा. “गुरुजीनं एक शबुद नाई बोलला,” मास्तर सांगत होते. “न्हाव्यापुढं बसला, मिशी उतरवली, अन् माहं लुगडं नेसून पद्मकळा होऊन उभा राह्यला. अन् काय उभा राह्यला! वन्समोरवर वन्समोर. मी गोधडीत पडून ऐकत होतो, ताप उतरला पण जळून राह्यलो होतो. एका मालगुजारानं त दुसऱ्या दिवशी बांगड्या पाठवल्या. फोटोवाल्यानं फोटो काढला. तवा गुरुजीनं माह्याकडून शपथ घेतली, ‘झिंगू, हे बाहेर गेलं त शाळेत पोट्टे मले बाई म्हणतीन.’”

“अन् सही?” मी विचारलं. “बाकी सगळीकडे तर मोरपीस आहे.”

“ते आमच्या पेटीमास्तरचं काम. थ्याचं अक्षर चांगलं, मले कुठी लिवता येत होतं? ही दोन अक्षरं गुरुजीनं शिकवली मले, बिमारीत बाजूले बसून. आली तशी या फोटोवर काढली अन् थ्यालेच देली. जिंदगीतली पह्यली सही, भाऊ.”

मी सत्यशीलेकडे बघायला भीत होतो. जन्मात खोटं न बोललेला बाप! ती फोटो मांडीवर घेऊन बसली होती. तिनं बोटानं राणीच्या वरच्या ओठावरून हळूच रेघ ओढली, जिथं मिशी असायची तिथं. मग तिचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडते आहे.

“नाटकापायी गेली!” ती म्हणाली, आणि अशी हसली, अशी हसली, की मास्तरांची शेळी दोर तोडून नदीकडे पळाली. “अवं माय! ‘झिंगू मास्तरनं मले सही करून देला.’ कुठी खोटं बोलले माहे बाबा? एक शबुद खोटा नाई! कोणाचा फोटो म्हणून कोणं इचारलं का थ्याले?”

खरंच की. आम्ही सगळे सहीच बघत बसलो होतो.

रविवारी झिंगू मास्तर स्वतः बंडीत बसून मंडपात आले. स्वागताचं भाषण देवाजीकडे होतं, घाबरून त्यानं सवयीनं सुरुवात केली, “आज झिंगू मास्तर आपल्यात नाहीत...” आणि मास्तरांनी पहिल्या रांगेतून हात हलवला. आगाशेंनी सगळ्यांसमोर विचारलं, सही आपलीच ना? मास्तर म्हणाले, “बेंबीच्या देठापासून माही.” आगाशेंनी कोटाची बटणं लावली आणि सही अस्सल असल्याचं जाहीर केलं. सत्यशीला म्हणाली, “साहेब, जरा मोठ्यानं.” त्यांनी पुन्हा जाहीर केलं.

पडदा तिनं ओढला. बोलायला सांगितलं तेव्हा मी श्वास रोखून धरला. ती माहेरच्या माणसांकडे बघून एकच वाक्य बोलली, “हा फोटो झिंगू मास्तरनं माह्या बाबाले सही करून देला.” एक शब्द जास्त नाही. टाळ्यांत गुरुजींची लाज झाकलेली राहिली आणि नाव वर राहिलं. आगाशे भिंगातून राणीकडे बघत हरखून गेले होते. “मास्तर, काय रूप होतं हो आपलं!”

मास्तरांनी मान खाली घातली. “रूप होतं खरं, साहेब. पण तापट लय.”

ही गोष्ट मी इतकी वर्षं कोणाला सांगितली नव्हती. आता मास्तरही गेले. या वेळी खरोखर. परवा सत्यशीलेला विचारलं, लिहू का? ती म्हणाली, “लिवा ना. तुमच्या गोष्टीवर इस्वास कोण ठेवते?”

राहता राहिली वांगी. त्या रविवारी संध्याकाळी, पाहुणे गेल्यावर, तिनं पाट मांडला आणि ताटात रस्सा ओघळेपर्यंत वाढलं. मी मान वर न करता जेवलो. ताट चाटून पुसून पुढं केलं आणि मोठ्या लाडात येऊन म्हणालो, “वन्समोर!”

सत्यशीला लाजली. तिनं पदराचं टोक दोन बोटांत धरलं, गालावर आणलं आणि माझ्याकडे तिरकं पाहिलं.

मी ताडकन ताठ बसलो. हात आपोआप पुढं झाला, तळवा वर.

“नको, गुरुजी,” मी म्हणालो. “पोट भरलं.”